वेंगुर्ल्याचे बंदर, निवतीचे टोक आणि समुद्रातील जळकी बेटे

मिरजेच्या पेठेत नारळ, सुपारी, आमसूल आणि काजू यांची पोती उतरतात, तेव्हा त्यांच्यासोबत समुद्राचा दमट वासही दुकानात येतो. मिरजेला समुद्र नाही. कृष्णेचा काठ, काळी जमीन, हळद, ऊस आणि द्राक्षे हे या मुलुखाचे वैभव. तरीही घाटमाथ्यावरच्या व्यापाऱ्याचे समुद्राशी नाते जुने आहे. आजोबा-पणजोबांच्या काळी ‘बंदरावरचा माल’ हा शब्द वह्यांत आणि बोलण्यात सहज येत असे. ते बंदर पाहावे, माल कोठून येत होता ते समजून घ्यावे, अशी इच्छा ज्यांना असेल, त्यांनी एकदा आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्यास जावे आणि तेथून उत्तरेकडे निवतीच्या टोकावर उभे राहावे. तेथून समोरच्या समुद्रात काळ्या खडकांचा एक समूह दिसतो. नकाशात त्याचे नाव ‘वेंगुर्ला रॉक्स’ आहे. निवतीचे लोक त्याला ‘निवती रॉक्स’ म्हणतात. पोर्तुगीज दर्यावर्दी त्याला जळकी बेटे म्हणत. या खडकांवर कोणी वस्ती केली नाही. तरीही व्यापाराचा इतिहास जाणणाऱ्याला तेथे पाहण्याजोगे आणि विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

घाट उतरताना

मिरजेहून वेंगुर्ले सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. सकाळी लवकर निघालेली मंडळी वाटेत कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन घेऊन कोल्हापूर, निपाणी, आजरा या मार्गाने दुपारपर्यंत आंबोलीस पोहोचतात. आजऱ्यानंतर भूमी बदलू लागते. उसाचे मळे मागे पडतात, जांभ्या दगडाची तांबडी माती दिसू लागते आणि हवेत गारवा येतो. आंबोलीस वर्षाकाठी पडणारा पाऊस मिरजेच्या पावसाच्या दहापटीहून अधिक असतो. मिरजेचा शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसलेला असतो, तेव्हा आंबोलीच्या घरांच्या भिंतींना महिनोन्‌महिने ऊन लागत नाही.

आंबोलीत हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. एका गुहेतून निघालेले हे पाणी पूर्वेकडे वाहते, घटप्रभेस मिळते आणि घटप्रभा पुढे कर्नाटकात कृष्णेत विलीन होते. म्हणजे आंबोलीचे पाणी आणि मिरजेच्या घाटावरून वाहणारे पाणी शेवटी एकाच नदीतून पूर्व समुद्रास जाते. त्याच डोंगराच्या पश्चिम उतारावर पडलेला थेंब मात्र काही तासांत अरबी समुद्राच्या वाटेला लागतो. देशावरचा माणूस येथे प्रथम खऱ्या अर्थाने पाणलोटाची धार ओलांडतो. त्यापुढचा रस्ता वळणावळणांनी खाली उतरत जातो. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी आणि खाली सावंतवाडीचे हिरवे खोरे.

हा घाटरस्ता गाडीवाटेसाठी बांधला गेला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यापूर्वी दक्षिणेकडचा रामघाट आणि इतर पायवाटा होत्या. त्यांवरून वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे जात. खाली जाताना कापूस, मिरची, गूळ, तंबाखू आणि धान्य. वर येताना मीठ, नारळ, सुपारी आणि समुद्रमार्गे आलेला परदेशी माल. साताऱ्याकडचा माल चिपळुणास, कोल्हापूरकडचा राजापुराकडे आणि बेळगाव-धारवाडकडचा वेंगुर्ल्यास, अशी सर्वसाधारण वाटणी होती. मिरजेसारख्या मधल्या पेठेतील व्यापारी भाव, पाऊस आणि वाटेतील जकात पाहून आपला घाट निवडत असे. बैलाच्या पाठीवर माल उतरवणे म्हणजे आठवड्यांचा प्रवास. त्यात एक ओढा फुगला तरी हिशेब चुके. आज चारचाकीतून तासाभरात घाट उतरणाऱ्याने त्या हिशेबाची एकदा आठवण करावी.

वेंगुर्ल्याची वखार

वेंगुर्ले हे आज शांत, नेटके गाव आहे. नारळी-पोफळीच्या बागा, काजूचे कारखाने, फळ संशोधन केंद्र आणि बंदराकडे जाणारा उताराचा रस्ता. काजूच्या व्यापाऱ्यांना ‘वेंगुर्ला ४’ आणि ‘वेंगुर्ला ७’ ही जातींची नावे परिचित आहेत. त्या जाती याच संशोधन केंद्राच्या. गावात जांभ्या दगडाच्या आणि चुन्याच्या भिंती असलेली एक पडकी इमारत उभी आहे. तिच्या छपराचा पत्ता नाही. भिंतींतून झाडे उगवली आहेत. ही डच वखार.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ साली वेंगुर्ल्यास आपले ठाणे केले. त्या काळी गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि डच आरमार गोव्याच्या बंदराची कोंडी करीत असे. त्या आरमारास पाणी, तांदूळ आणि विश्रांतीसाठी जवळचे ठिकाण हवे होते. वेंगुर्ले त्यासाठी सोयीचे ठरले. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निए याने आपल्या प्रवासवर्णनात या गावाचा उल्लेख ‘मिंग्रेला’ असा केला आहे. दूरदेशी जाणारी डच जहाजे येथे गोडे पाणी आणि तांदूळ भरून घेत, असे तो लिहितो. येथील वेलदोड्याचेही तो नाव घेतो. रत्नांची पारख करणारा हा व्यापारी बंदराचे वर्णन करताना प्रथम पाण्याचा आणि तांदळाचा उल्लेख करतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कोणत्या पेठेचे बळ कशात आहे, हे जाणत्या व्यापाऱ्यास लवकर कळते.

पुढे डच गेले. १८१२ साली सावंतवाडी संस्थानाकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. घाटरस्ता झाल्यावर बंदराला पुन्हा बरकत आली. धारवाड-बेळगावकडच्या कापसाच्या गाड्यांची रीघ लागे. किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटी येथे थांबत. मुंबईस जाणारा घाटमाथ्यावरचा माणूस बैलगाडीने वेंगुर्ल्यास येई, पडावात बसून आगबोटीपर्यंत जाई आणि समुद्रमार्गे मुंबई गाठी. पावसाळ्यात समुद्र खवळला की आगबोटी बंद होत, आणि गाव पुन्हा आपल्या भातशेतीकडे वळे.

ही बरकत टिकली नाही, आणि तिच्या ओसरण्याचे कारण मिरजेच्या वाचकास घरबसल्या ऐकू येते. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीने त्या दशकात रूळ टाकण्यास आरंभ केला. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा असा लोहमार्ग झाला. लोंढ्याहून गोव्यातील मार्मागोव्याच्या बंदरास रूळ जोडले गेले. १८९१ साली मिरज-कोल्हापूर शाखा सुरू झाली. मिरज जंक्शन झाले. पुढे तर रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ एकत्र येणाऱ्या देशातील मोजक्या स्थानकांत त्याची गणना होऊ लागली. ज्या कापसाच्या गाड्या आंबोलीने खाली उतरत, त्या रेल्वेच्या धक्क्यावर जाऊ लागल्या. मिरजेच्या पेठेत ज्या शिटीने उत्साह आला, त्याच शिटीने वेंगुर्ल्याचा धक्का ओस पडला. कोणी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. माल स्वस्त आणि निर्धोक वाटेने जातो, एवढाच नियम होता. परंतु एका पेठेचा नफा कोणत्या दुसऱ्या पेठेच्या उंबऱ्यावरून उठून आला, हे सहसा कोणी पाहावयास जात नाही. वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर संध्याकाळी उभे राहिले की ते दिसते. दोन-चार मासेमारी नौका, टेकडीवरचे दीपगृह, धक्क्यावर बसलेली मुले आणि समोर मोकळा समुद्र.

या किनाऱ्याशी सांगलीकरांचे आणखी एक नाते आहे. सांगलीत १८९८ साली जन्मलेले वि. स. खांडेकर १९२० साली वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस असलेल्या शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. घाटावरून मिळणाऱ्या प्रतिष्ठेची वाट सोडून हा तरुण खाली समुद्राकाठी उतरला. त्याच शिरोड्याच्या मिठागरांत मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. ज्या मिठाची पोती तांड्यांबरोबर घाट चढत, ते मीठ त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राच्या बोलण्याचा विषय झाले.

निवतीचे टोक

वेंगुर्ल्याच्या उत्तरेस, परुळे आणि कोचरे या गावांच्या पुढे, जमीन एकाएकी समुद्रात घुसते. हे निवतीचे भूशिर. वर जांभ्याचा सडा. खाली कडे आणि लाटांनी झिजवलेले खडक. उन्हाळ्यात सड्यावरचे गवत वाळून सोनेरी होते, पावसाळ्यात त्याच कातळावर रानफुलांचा थर चढतो. टोकावर निवतीचा किल्ला आहे. सिंधुदुर्गाची उभारणी १६६४ साली सुरू झाली. त्यानंतर किनाऱ्यावर लक्ष ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधला, असे मानले जाते. पुढे तो सावंतांकडे होता. १८१९ साली इंग्रजांनी तो घेतला. आज खंदक, काही बुरूज आणि झाडीत हरवलेल्या भिंती एवढेच शिल्लक आहे. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर वाट काट्याकुट्यांतून जाते. तिच्या शेवटी मात्र भिंत संपते आणि समुद्र सुरू होतो.

या टोकावरून उत्तरेस भोगव्याचा लांब किनारा आणि कर्ली नदीचे मुख दिसते. पायथ्याशी निवतीची कोळीवाडी, रंगीत नौका आणि ओहोटीच्या वेळी उघडे पडणारे पिवळसर खडक. दक्षिणेकडे वेंगुर्ल्याची बाजू. वारा सतत असतो. डोक्यावरची टोपी हातात धरावी लागते आणि बोलणे मोठ्याने करावे लागते. लाट खालच्या कपारीत शिरते, तेव्हा प्रथम काहीच ऐकू येत नाही. मग आत कोंडलेली हवा सुटते आणि तोफेसारखा आवाज होतो. घाटमाथ्यावरून आलेली मुले या आवाजाला घाबरतात आणि पुन्हा पुन्हा तो ऐकण्यासाठी थांबतात.

अगदी अलीकडे या निर्जन सड्याजवळ नवे जग आले आहे. परुळे-चिपी येथे ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला. बैलाच्या तांड्यास ज्या वाटेला आठवडे लागत, त्या वाटेच्या माथ्यावरून आता विमान जाते.

समुद्रातील खडक

टोकावरून पश्चिमेकडे पाहिले असता, आकाश स्वच्छ असेल तर, क्षितिजाच्या अलीकडे काळे ठिपके दिसतात. दुर्बीण लावली की ठिपक्यांचे खडक होतात आणि एका खडकावर दीपगृहाचा मनोरा उभा असलेला दिसतो. हीच जळकी बेटे. लहानमोठे अनेक खडक आहेत. त्यांतील दोन-तीनच मोठे म्हणावे असे. त्यांवर झाड नाही, विहीर नाही, माती जेमतेम. पक्ष्यांच्या विष्ठेने काही खडक पांढरे दिसतात, उरलेले काळेकभिन्न. दुपारच्या उन्हात ते खरोखरच जळाल्यासारखे वाटतात.

या खडकांची कीर्ती प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांच्या यादीनंतर ‘सेसेक्रियेने’ नावाच्या बेटांचा उल्लेख येतो. ही बेटे म्हणजे वेंगुर्ल्याचे खडक असावेत, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. ती मार्गदर्शिका कोणा राजाने वा कवीने लिहिलेली नाही. कोणत्या बंदरात कोणता माल मिळतो, काय विकावे आणि काय घ्यावे, हे सांगणारी ती एका व्यापाऱ्याची वही आहे. त्या वहीत या खडकांची नोंद झाली ती त्यांवर माल मिळे म्हणून नव्हे. त्यांना टाळावे लागे म्हणून. मुंबई आणि गोवा यांमधल्या जलमार्गाच्या बाजूलाच ते उभे आहेत. अंधारात वा पावसाच्या पडद्यात जहाज त्यांच्यावर आदळले तर वाचण्याची आशा कमी.

म्हणूनच येथे दीपगृह उभारण्यात आले. एका बेटावर जुन्या दीपगृहाचे अवशेष आहेत. नवे दीपगृह दुसऱ्या बेटावर. तेथे काम करणाऱ्यांच्या जीवनाची कल्पना करणे घाटावरच्या माणसास अवघड जाते. पाणी, धान्य, तेल, सारे होडीने आणावयाचे. होडी खडकास लागणे हे समुद्राच्या मर्जीवर. पावसाळ्यात तर दिवसेंदिवस किनाऱ्याशी संबंध नाही. चहूकडे लाटा आणि वर फिरणारा प्रकाश. त्या प्रकाशाचा लाभ ज्यांना झाला, त्या जहाजांपैकी एकही तेथे थांबले नाही. दिवा ज्याच्यासाठी लावला, त्याने दूरूनच निघून जावे, हेच त्या दिव्याचे यश.

पाकोळीचे घरटे

या बेटांची दुसरी कथा प्रकाशाची नाही, अंधाराची आहे. मोठ्या बेटाच्या पोटात समुद्राने कोरलेली एक गुहा आहे. तिच्या छताजवळच्या भिंतींवर पाकोळ्या घरटी करतात. भारतीय पाकोळी हा चिमणीहूनही लहान, तपकिरी-करड्या रंगाचा पक्षी. पश्चिम घाट, त्यालगतचा किनारा आणि श्रीलंका हे त्याचे घर. दिवसभर तो उडत असतो आणि हवेतील कीटक टिपतो. गुहेत शिरल्यावर तो टकटक असा आवाज करतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून गडद अंधारात वाट शोधतो, वटवाघळासारखी. काडी आणण्याइतके झाड बेटावर नाही. पाकोळीची रीत वेगळी. ती आपल्या लाळेने घरटे बांधते. लाळेचे धागे खडकावर चिकटवून त्यांत थोडे शेवाळ आणि पिसे मिसळून अर्ध्या वाटीसारखा कोनाडा तयार करते आणि त्यात दोन पांढरी अंडी घालते. हे काम पावसापूर्वीच्या महिन्यांत चालते.

चीनमध्ये आणि चिनी लोकांच्या वसाहतींत अशा लाळेच्या घरट्यांचे सूप शक्तिवर्धक मानले जाते. त्यासाठी लागणारी पांढरी, शुद्ध घरटी आग्नेय आशियातील पाकोळ्यांची. भारतीय पाकोळीच्या घरट्यात शेवाळ-पिसे मिसळलेली असल्याने त्याचा भाव कमी. परंतु जेथे मागणी मोठी, तेथे कमी भावाचा मालही शोधला जातो. वेंगुर्ल्याच्या खडकांवरची घरटी एकोणिसाव्या शतकापासून व्यापाऱ्यांच्या दृष्टीस पडलेली होती. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ साली सोसायटीच्या नियतकालिकात या बेटांवरील सुरय पक्षी आणि पाकोळ्या यांवर लेख लिहिला. स्वातंत्र्यानंतर कायदा आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने पक्ष्यांची घरटी वा अंडी काढणे, त्यांची नासधूस करणे हे शिकारीच्याच व्याख्येत घेतले. तरीही चोरटी काढणी थांबली नाही. बेट दूर, पहारा नाही, आणि मालाचे वजन इतके हलके की पिशवीत मावावे. गुहेत बांबूंची परांची उभारून घरटी खरवडली जात. त्यांत अंडी असली तर ती खाली पडत. पिल्ले असली तर तीही.

या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने हा प्रकार उजेडात आणला आणि वनखात्याच्या साहाय्याने पाकोळ्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. पुढे शास्त्रज्ञांनी बेटावर जाऊन घरट्यांची मोजणी केली. ज्या स्थानिक लोकांना गुहेची वाट ठाऊक होती, त्यांच्या सहकार्याशिवाय असे काम होत नाही. समुद्रात चौदा-पंधरा किलोमीटर दूर असलेल्या खडकावर कायम पहारेकरी ठेवता येत नाही. तेथले रक्षण शेवटी किनाऱ्यावरच्या माणसाच्या मनावर आणि माल घेणाऱ्याच्या नकारावर अवलंबून राहते.

येथे जैन व्यापारी परंपरेस सांगण्यासारखे काही आहे. ‘उपासकदशांग’ सूत्रात आनंद श्रावकाच्या कथेत पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. म्हणजे श्रावकाने टाळावेत असे पंधरा उद्योग. त्यांत दंतवाणिज्य येते. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रात’ त्याचा अर्थ स्पष्ट केला: दात, केस, नखे, हाडे, कातडी अशा प्राण्यांच्या अंगापासून मिळणाऱ्या वस्तू त्यांच्या उत्पत्तिस्थानी जाऊन व्यापारासाठी घेणे. पंडित आशाधरांच्या ‘सागारधर्मामृतातही’ क्रूर व्यवसायांचा असाच निषेध आहे. ‘उत्पत्तिस्थानी’ या शब्दात व्यापाराचे सखोल ज्ञान आहे. जंगलाच्या वा समुद्राच्या काठावर जाऊन खरेदीदार उभा राहिला, पैसे आगाऊ मोजले, की शिकारी त्या दिवशी दुप्पट मारतो. मारणारा हात दुसऱ्याचा असला तरी त्याला हलवणारी मागणी आपली असते, हे त्या आचार्यांनी शतकांपूर्वी ओळखले होते. पाकोळीची लाळ त्या यादीत शब्दशः नाही. तरी ज्या विचारातून ती यादी झाली, त्याच विचाराने गुहेतील घरट्याकडे पाहिले तर उत्तर वेगळे येत नाही. शिवाय ते घरटे कोणी दिलेले नाही. जे दिले नाही ते घेणे म्हणजे अदत्तादान, एवढे तर पाठशाळेतल्या मुलासही ठाऊक असते.

आता काय होणार

निवतीच्या समुद्राकडे आता पुन्हा लोकांचे लक्ष गेले आहे. जानेवारी २०२४ मध्ये सेवानिवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौदलाची नौका २०२५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपविण्यात आली. निवतीजवळच्या समुद्रात ती तळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करावे, अशी योजना आहे. बुडालेल्या जहाजाच्या आश्रयाने प्रवाळ आणि मासे वाढतात, असा जगातील इतर किनाऱ्यांचा अनुभव आहे. त्यातून निवतीच्या घरांना उत्पन्न मिळावे, मुलांना गाव सोडून मुंबईस जावे लागू नये, ही अपेक्षा रास्त आहे. रेल्वेने जो किनारा बाजूला टाकला, त्याच्याकडे दीडशे वर्षांनी पुन्हा कोणी वळत असेल तर त्यात आनंदच आहे. फक्त नौकांची गर्दी वाढली की गुहेची वाटही अधिक लोकांना कळणार. पाहण्यासाठी येणारे आणि घेण्यासाठी येणारे एकाच नौकेतून येतात. त्यांतला फरक नाविकास पहिल्या दिवशी ओळखता येत नाही.

जाणाऱ्या कुटुंबांसाठी

या भागात जाण्याचा उत्तम काळ कार्तिकी पौर्णिमेनंतर फाल्गुनापर्यंतचा. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवितात, त्याच काळात या किनाऱ्यावरच्या नौकाही ओढून ठेवलेल्या असतात. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केल्यावर नाविक पुन्हा दर्यात जातात. एक धर्माने ठरवलेला विराम, दुसरा समुद्राने. दोन्हींत नव्या जिवांना वाढण्यास अवसर मिळतो.

मिरजेहून रेल्वेने जावयाचे असेल तर लोंढामार्गे गोव्यात उतरून तेथून कोकण रेल्वेने सावंतवाडी वा कुडाळ गाठता येते. परंतु कुटुंबासाठी आंबोलीचा रस्ताच सोयीचा आणि सुंदर. निवतीचा किल्ला पाहताना पायांत चांगली पादत्राणे असावीत, कड्याच्या टोकास मुलांना एकटे सोडू नये. नौकेतून बेटांभोवती जावयाचे असल्यास अनुभवी नाविकाबरोबर, सकाळच्या शांत पाण्यात आणि सुरक्षा जाकीट घालूनच जावे. बेटावर उतरण्याचा आग्रह धरू नये. सुरय पक्षी तेथे उघड्या खडकावरच अंडी घालतात. पाऊल कोठे पडेल याचा भरवसा नाही.

जेवणाची चिंता नको. काजूची उसळ, फणसाची भाजी, घावन, आंबोळी, सोलकढी असे शाकाहारी पदार्थ घराघरांत होतात. लसूण-कांदा न घालण्याविषयी आधी सांगितले की यजमान आनंदाने तसे करतात. मात्र ज्यांना सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावयाचे असते, त्यांनी ते लवकर आटोपून मगच टोकावर जावे. कारण निवतीचा सूर्यास्त चुकवू नये, आणि त्याहून अधिक, सूर्यास्तानंतरची पंधरा मिनिटे चुकवू नयेत.

त्या वेळी समुद्राचा रंग तांब्याचा असतो आणि हळूहळू शिशासारखा होतो. कोळीवाडीत दिवे लागतात. नौका किनाऱ्यास लागून ओढल्या जातात. क्षितिजाजवळचे काळे ठिपके अंधारात विरघळून जातात, इतके की तेथे बेटे आहेत हेच विसरावे. आणि मग त्या जागी एक प्रकाश चमकतो. थांबतो. पुन्हा चमकतो. त्या प्रकाशाखाली, दगडाच्या पोटात, पाकोळ्या आपापल्या वाट्यांत परतलेल्या असतात.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत काजू, आमसूल, कोकमचे सरबत, नारळ आणि एखादी सुपारीची पिशवी भरलेली असते. घाट चढून आजऱ्यास आले की हवा कोरडी होते, आणि संध्याकाळपर्यंत मिरज जंक्शनची शिटी ऐकू येते. कोकणातून आलेल्या मालाची यादी जुनीच आहे; तांड्यांच्या काळापासून तिच्यात फारसा बदल झालेला नाही. त्या यादीत जळक्या बेटांवरच्या घरट्यांचे नाव कधी लिहिले जाऊ नये, एवढे घाटावरच्या पेठेला आजही करता येण्यासारखे आहे.